मारोतीमामांचं आठ दिवसांचं पाणी

मंगळवारी सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. स्क्रीनवर मारोतीमामांचं नाव होतं, म्हणून पिठाच्या हातानंच फोन कानाला लावला आणि नेहमीसारखी सुरू झाले, "मामा, दुपारी येते, आत्ता लई घाई आहे..." पलीकडून मामी बोलल्या. "मॅडम, ते गेले. पहाटं गेले." मग थोडा वेळ नुसता घरातला गलका ऐकू येत राहिला. कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. त्या गलक्यातच मामी पुन्हा म्हणाल्या, "अन् तुमची बोटं पाण्यात हायत. शुक्रवारपस्तोर काढायची न्हाईत म्हणून सांगून गेलेत. काल संध्याकाळीच म्हणले. मॅडम घाई करतेत, म्हणले." मी ओट्याला टेकून उभी राहिले. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच. जिचा नवरा दोन तासांपूर्वी गेला ती बाई मला बरणीतल्या प्लास्टिकच्या बोटांचा निरोप देत होती, आणि त्यातला माझ्यासाठीचा टोमणासुद्धा तिनं गाळला नव्हता.

आता ही बोटं कुणाची आणि पाण्यात कशाला, ते नीट सांगायला हवं. मी विष्णुपुरीच्या बाजूला राहते, एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंविषयी शिकवते. मूळची मुखेडची. बोलायला फटकळ आणि कामाला उतावीळ, हे माझी आई, माझा नवरा आणि मारोतीमामा या तिघांनीही आपापल्या तऱ्हेनं मला ऐकवलेलं आहे. सुमन ही माझी मावसबहीण. ती चाकूरला असते, शिवणकाम करते. तीनेक वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. उजव्या हातानं कात्री चालते हो, पण शिवताना कापड सुईखाली सरकवायचं, चुण्या दाबून धरायच्या, हे सगळं डाव्या हाताचं काम. ते गेलं म्हणजे सुमनचं सगळंच गेलं. एवढी बडबडी पोरगी, ती घरात उगी बसून राहायला लागली. मशीनवर तिनं आईचं जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं आणि त्या कोपऱ्याकडे ती बघायचीसुद्धा नाही.

मला ते बघवेना. आमच्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आला होता. प्लास्टिकची तार वितळवून, बारीक बारीक थर एकावर एक घालत वस्तू घडवणारं ते यंत्र. मी म्हटलं, सुमे, तुला बोटं करून देते. मनगट वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात, अशी जोडणी केली. बोटं मिटली, सुमन कितीतरी दिवसांनी हसली, आणि दुसऱ्याच आठवड्यात जीन्सची शिलाई ओढताना मधलं बोट कटकन मोडलं. पुन्हा केलं, पुन्हा मोडलं. एकदा तर चाकूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खिडकीत ठेवलेली तिन्ही बोटं शिजलेल्या शेंगेसारखी वाकली. भरीव पोलादाची करावीत तर हात उचलणार नाही. प्लास्टिकवरच धातूचं पातळ कातडं चढवलं तर वजनही राहत नाही आणि ताकदही येते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. करायचं कुठं आणि कुणी, ते ठाऊक नव्हतं. नांदेडात मुलामा देणाऱ्या दोघा-तिघांकडे गेले. एक जण म्हणाला, "प्लास्टिकमधून वीज जात नसती बाई, तुम्ही पोरांना शिकवताव काय?" पण त्यानंच पत्ता सांगितला. असले उद्योग एकच माणूस करतो, म्हणाला.

जुन्या नांदेडात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मामांचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. चार टाक्या, त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या तांब्याच्या सळया, भिंतीवर हिरवे-निळे डाग, आणि नाकात शिरणारा आंबट वास. समोरच घर, घराच्या दारात मामींची जास्वंद. सत्तरी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस बनियनवर रबरी एप्रन बांधून एक समई घासत होता. तरुणपणी हैदराबादला एका उस्तादाकडे ते हा इलम शिकले, आणि मग त्यांनी आयुष्यभर सायकलीचे हँडल, देवघरातले टाक, शाळांच्या ढाली, लग्नातली ताटं असं जे येईल ते चकचकीत करून दिलं. मी प्लास्टिकचं बोट पुढे केलं आणि माझं भाषण सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीकडे हात केला. खिळ्याला तांब्याचं एक पिंपळपान लटकत होतं. शीर न् शीर दिसत होती, टोकाची शेपटी केसासारखी बारीक. मी म्हटलं, "वा, काय कोरलंय!"

"कोरलं न्हाई. आत खरं पान हाय."

मी बघतच राहिले. जुन्या सेलमधली काळी कांडी कुटून तिची भुकटी त्यांनी पानाला चोळली होती, म्हणजे पानावरून वीज धावायला लागते. मग ते तांब्याच्या टाकीत सोडलं. मंद करंट, दोन दिवस. पुस्तक नाही, कागद नाही, आपलं आपणच शोधून काढलेलं. "विहाराच्या आवारात पडलेलं पान होतं," ते म्हणाले, "वाळून चुरा होनार होतं. म्हणलं, ऱ्हाऊ दे." आणि मग माझ्या बोटाकडे बघून, "पानाला जमलं, तर ह्याला कामून जमनार न्हाई?" मी पीएच.डी. केलेली बाई, खरं सांगते, मला त्या खोलीत खाली बसावंसं वाटलं. बसलेसुद्धा, एका उपड्या बादलीवर. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणू लागले. ते मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले, कधी चिडवायला मॅडमबाई.

मग त्यांना यंत्र बघायचं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कॉलेजात आले. प्रिंटरसमोर स्टूल दिलं, तर अकरा वाजता बसलेला माणूस चार वाजता उठला. डबा आणला होता तो तसाच. मी मधून मधून डोकावत होते, मामा चहा, मामा जेवण... ते नुसता हात वर करायचे, थांबा म्हणून. शेवटी उठले आणि म्हणाले, "मॅडम, आमी जन्मभर वरून चढवत आलो. हे तर आतूनच चढत चढत यायलंय." माझ्याकडे पोलादाचा एक लहानसा तुकडाही होता, पुण्याच्या एका प्रदर्शनातून आणलेला. धातूची भुकटी लेसरनं वितळवत थराथरानं घडवलेला, आत नागमोडी पोकळ्या असलेला. तो त्यांच्या हातात दिला. नखानं वाजवला, वास घेतला. "वतलेला न्हाई?" नाही. "ठोकलेला? कापून काढलेला?" तेही नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला, रुमालानं दोन्ही हात पुसले आणि मग पुन्हा हातात घेतला. एवढा हुनर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हुनराचं इतकं वाटावं, हे मी आमच्या कॉलेजात तरी बघितलेलं नाही. आम्ही दुसऱ्याचं काही बघितलं की आधी त्यात खोट शोधतो.

पण भाबडे नव्हते हं. तांब्याची भुकटी मिसळलेली प्लास्टिकची तार मी मोठ्या कौतुकानं मागवली होती. तिची बोटं केली, घासल्यावर अगदी तांब्यासारखी दिसली. मी म्हटलं, मामा, आता तुमची काळी भुकटी नको, यात धातू आहेच. त्यांनी बोटाच्या दोन टोकांना वायरी लावल्या, मधे छोटा बल्ब. बल्ब पेटलाच नाही. "तांबं हाय ह्याच्यात," ते म्हणाले, "पण दाण्यानं दाण्याचा हात धरलेला न्हाई." मी अर्धा तास फळ्यावर जे समजावून सांगते आणि तरी मागच्या बाकावर पोहोचत नाही, ते एवढंच होतं. आम्ही परत साध्या प्लास्टिकवर आलो.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला अजून झोपेतसुद्धा आठवते. टाकीत सोडण्याआधी वस्तू धुऊन तारेनं वर उचलायची आणि बघत राहायचं. अंगावर पाण्याचा पातळ पडदा असतो, तो अखंड राहिला पाहिजे. कुठं तेलाचा, घामाचा अंश असेल तर तिथं पाणी मागं सरतं, पडद्याला भोक पडतं. "पानी फाटलं," असं ते म्हणायचे. पाणी फाटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, मग बाहेर गिऱ्हाईक बोंबलत असलं तरी चालेल. तोंडातल्या तोंडात तीस आकडे मोजायचे. एकदा मी तयार केलेलं बोट त्यांनी असं उचललं, सात-आठ मोजले आणि थांबले. "मॅडम, हितं तुमचा अंगठा लागलाय." मी म्हटलं, शक्यच नाही, मी चिमट्यानं धरलं होतं. "अन् येताना भजी खाल्लीत." कोपऱ्यावर उभं राहून खाल्ली होती, कागदाला हात पुसून आले होते. मामी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तर पहिलं बोट झालं. प्लास्टिक आधी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, थोडा वेळ बुडवून खरखरीत करायचं, म्हणजे तांब्याला धरायला जागा मिळते. मग काळी भुकटी, मग टाकी. बाहेर निघालं ते नुसतं लखलखत. मी नाचायचीच बाकी होते. तीन दिवसांनी बघतो तर अंगभर हिरवे ठिपके, एका ओळीत, थरांच्या रेघेनं. पुसले, दुसऱ्या दिवशी परत आले. मामांनी ते जिभेच्या टोकाला लावलं, थुंकले, चूळ भरली. "ह्याला घाम सुटलाय. आत तेजाब बसलंय." मग समजावलं मला. तुमचं यंत्र ताटांची चळत लावल्यागत थर लावतं, दोन ताटांच्या मधे पाणी शिरतं तसं तेजाब शिरलं, वरून आपण तांब्यानं तोंड बंद केलं, आता ते वाट काढत बाहेर येतंय. उपाय त्यांनीच काढला. तेजाबातून निघालेली वस्तू आठ दिवस पाण्यात ठेवायची. सकाळी गरम पाणी, संध्याकाळी गार. "गरम पान्यात ती श्वास सोडती, गार पान्यात घेती. तेजाब बाहेर, पानी आत." पाणी बदलताना जुन्या पाण्यात जास्वंदीची पाकळी चोळून जांभळट केलेला कागद बुडवायचा. कागद लाल झाला तर आत अजून तेजाब आहे. असा कागद शाळेत आम्हीही केला होता, पण तो वहीत चिकटवून मार्क मिळवण्यापुरता. मामींच्या जास्वंदीची फुलं रोज कमी व्हायला लागली आणि रोज सकाळी त्यावरून घरात तोंडातोंडी. "फुलं देवाला वाहत न्हाईत आमी, पर म्हणून काय पान्यात घालायची व्हय!" मामी ओरडायच्या. आठव्या दिवशी कागदाचा रंग जसाच्या तसा राहिला. त्या नव्या बोटाला पुढे कधी घाम सुटला नाही.

आणि आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. सांगायची लाज वाटते, पण हे लपवून मामांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. सुमनची तिन्ही बोटं पाण्यात होती, पाचवा दिवस. शनिवारी कॉलेजात कार्यक्रम, मोठे पाहुणे येणार, आणि माझ्या मनात आलं की व्यासपीठावर सुमननं शिवून दाखवलं तर काय बहार येईल! मामा मुखेडला लग्नाला गेले होते. मी मामींना सांगितलं, झालंय काम, नेते. सरळ बोटं उचलून कॉलेजात नेली, आमच्या प्रयोगशाळेत घाईघाईनं तांबं चढवलं, आणि आरशासारखी चमक यावी म्हणून वरून निकेल दिलं. कार्यक्रम झाला. सुमननं स्टेजवर रुमाल शिवला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सगळ्यांत पुढे मीच.

कार्यक्रमानंतर सहाव्या दिवशी सुमनचा फोन. "ताई, हाताची आग व्हायलीय." मी चाकूरला गेले तेव्हा तिच्या हाताची कातडी सोलून निघाली होती, त्यावर हिरवट ओल, पुरळ मनगटाच्या वरपर्यंत. मावशी एवढंच म्हणाली, "हाय तेवढा हात तरी ऱ्हाऊ दे गं बाई तिचा." सुमननं बोटं एका पिशवीत घालून माझ्यापुढे सरकवली आणि मशीनवर ते लुगडं पुन्हा टाकलं. नीट, चारी कोपरे ओढून टाकलं. त्या पिशवीसकट मी एसटीत बसले आणि नांदेड येईपर्यंत रडले.

मामा रागावतील म्हणून तयारीनं गेले होते. त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. त्यांनी पिशवी उघडून बघितली, एक बोट बाहेर काढलं. "निकेल? कातडीला?" मग स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे पालथे धरले. इतके महिने मी ते हात बघत होते, पण बघितले नव्हते. बोटांच्या मधे, मनगटापर्यंत कातडी जाड, भेगाळलेली, काळीनिळी. "चाळीस वरसं ह्यानंच खाल्लेत. तुमाला सांगाया पायजे होतं." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाकूरची एसटी धरली. मला सोबत घेतलं. सुमनच्या घरी गेल्यावर हा म्हातारा माणूस तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "लेकरा, चूक माझी हाय. आठ दिवस ठेवा म्हणलो, आठ दिवस कामून ते मॅडमला नीट समजावलं न्हाई." मला तिथंच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मला सगळं समजावलं होतं, दोनदा समजावलं होतं.

सुमन बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमची बी आग व्हायची का?" "लई. रडायचो." ती पहिल्यांदा थोडी हसली. मामा म्हणाले, एक डाव अजून बघू, निकेल न्हाई, कथील. "तुमच्या पितळंच्या भांड्याला कल्हई असती का न्हाई? त्यात आंबट वरन ऱ्हातंय, ते आपून खातो. पोटाला जे चालतंय ते कातडीला कामून चालनार न्हाई?" सुमननं विचार केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी करनार असाल तर घालते. ताईनं केलेलं न्हाई घालनार." मामांनी मान हलवली. त्यांनी तिचा तो सोललेला हात आपल्या भेगाळलेल्या हातात घेतला आणि सुतळीनं माप घेऊ लागले. आणि मी भिंतीला टेकून उभी... त्या खोलीतल्या दोन्ही हातांचं मला इतकं काही वाटलं की अजून नीट सांगता येत नाही.

सुमनचा हात बरा व्हायला महिना लागला. मग मी नवी बोटं छापली, मामांनी ती गुरुवारी तेजाबातून काढून बरणीत सोडली. रविवारी त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सोमवारी मी भेटायला गेले तर खाटेवर बसून होते, बरणी उशाशी. "सबूर करा मॅडमबाई," एवढंच म्हणाले. मंगळवारी सकाळी मामींचा फोन आला.

अंत्ययात्रेला मी गेले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गल्लीभर उभी होती, त्यात सायकलवाले, सोनार, शाळेचे शिपाई, सगळे. बुद्धवंदना झाली. मला मात्र, खोटं कशाला सांगू, राहून राहून ती बरणीच दिसत होती. पाच दिवस झाले होते. पाणी आता कोण बदलणार? या घरात आज पाण्याचं कसं विचारायचं? आणि समजा बदललं गेलं, तरी पुढे टाकीचं काय? सुमन तर म्हणाली होती, ताईनं केलेलं नाही घालणार. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं, झालं, संपलं हे. सुमनचं मशीन आता कायमचं झाकलेलं राहणार.

शुक्रवारी सकाळी गेले. मामी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, पायाशी बरणी. शेजारी कागदाच्या पट्ट्या ओळीनं वाळत घातलेल्या, मंगळवार सकाळ, मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ... लाली उतरत गेलेली दिसत होती आणि शेवटच्या दोन पट्ट्या अगदी कोऱ्यासारख्या जांभळट. मी विचारलं, "मामी, मंगळवारी सकाळी?" त्या म्हणाल्या, "मयत दारात होती तवा चुलीवर पानी तापायलंच होतं अंघुळीचं. त्यातलं तांब्याभर घेतलं. बाया म्हणल्या, हिला काय झालं. म्हणलं, तुमाला न्हाई समजायचं." जास्वंदीवर एक फूल नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघीही भरपूर रडलो.

मग दुकान उघडलं. मामींनी एप्रन माझ्या गळ्यात घातला. मी हात राखेनं तीनदा घासले, तारेला अडकवून पहिलं बोट वर उचललं, आणि मोजायला लागले. दहा, अकरा... वीस... पडदा अखंड होता. मामी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तीस. पाणी फाटलं नाही. तिन्ही बोटांचं तसंच. काळी भुकटी चोळून तांबं चढायला दोन दिवस ठेवलं, एवढ्या मंद करंटवर की मधे तीन वेळा वाटलं, काही होतच नाहीये. घाई केली नाही. मग कथील. चमक नाही, नुसता दुधी, शांत रंग. मामी म्हणाल्या, "त्यांना असंच आवडायचं."

चाकूरला एकटी गेले. बोटं सुमनसमोर ठेवली आणि खरं ते सांगितलं. मामा गेले. पाण्यात त्यांनी सोडली होती, पण तांबं माझ्या हातचं, कथीलही माझ्याच हातचं. तुला नको असतील तर मी काही म्हणणार नाही. सुमन खूप रडली, एकदाच तर भेटली होती ती त्यांना. मग डोळे पुसून विचारलं, "पानी किती दिवस बदललं?" "आठ." "शेवटचे तीन दिवस कुनी?" मी म्हटलं, "मामींनी. मयत घरात असताना सुद्धा." सुमन उठली, मशीनवरचं लुगडं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं. मग डावा हात माझ्यापुढे केला. "घाल," म्हणाली.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी रोज फोन करते, रोज एकच प्रश्न. ती वैतागते, "न्हाई गं बाई, आग न्हाई, खाज न्हाई, घाम न्हाई! कामं करू दे." मामांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांच्या नातवंडांनी घातलेले पांढरे सदरे तिनंच शिवले होते. मामींनी त्यातला एक हातात घेतला होता आणि शिलाईवरून बोट फिरवत बसल्या होत्या, कितीतरी वेळ.

गेल्या बुधवारी मी दुकानात गेले. आता ते बंदच असतं, पण किल्ली मामींच्या कमरेला. पिंपळपान जागच्या जागी. बरणी घासून, पुसून, पालथी घालून ठेवलेली. जास्वंदीला पाच-सहा फुलं आलेली, आणि खिडकीत पाकळ्या चोळलेल्या कोऱ्या पट्ट्यांची चवड. मी म्हटलं, मामी, आता फुलं तुम्हीच तोडायला लागलात? त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "सवय लागली ना पान्याची. सकाळी तापवते, मंग आठवतं. रिकामी बरनी बघवत न्हाई मॅडम. काहीतरी आना."

मी आणलंच होतं. निलंग्याकडच्या एका बाईसाठी छापलेली दोन बोटं, तिचीही कडबा कुट्टीतच गेलेली. सुमननंच पाठवलं होतं तिला माझ्याकडे. बोटं तेजाबातून सकाळीच काढली होती. पर्समधला डबा उघडला, हात न लावता तारेनं उचलून बरणीत सोडली. मामींनी चुलीवरचं पाणी आणून हळूहळू ओतलं, बोटं बुडेपर्यंत. मग पदराला हात पुसत त्या बरणीकडे बघत राहिल्या.

"आज बुधवार," त्या म्हणाल्या, "म्हंजी फुडच्या गुरुवारपस्तोर काढायची न्हाईत."